गांजा ओला की वाळलेला? वजनकाट्यावर अडकतो जामीन

तुमच्याही फीडवर ती रील येऊन गेली असेल. काचेच्या बरणीत वाळलेली हिरवी बोंडं, बाजूला छोटा आर्द्रतामापक आणि ‘घरचंच आहे’ असं कौतुक. रील बहुतेक कॅनडा किंवा अमेरिकेतली असते. पण ती शिरूरच्या हॉस्टेलवर आणि दौंडच्या वस्तीवरही बघितली जाते. मग प्रश्न येतो, ‘विकायचं नाही, फक्त स्वतःपुरतं एक झाड लावलं तर काय होतं?’

थोडक्यात उत्तर: गुन्हा होतो. पण किती मोठा, हे समजून घ्यायचं तर आधी वाळवण समजून घ्यावं लागेल.

वाळवल्यावर नेमकं काय बदलतं?

ताज्या फुलोऱ्यात तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाणी असतं. म्हणजे चार किलो ओला माल वाळला की जेमतेम एक किलो उरतो. बरणीत मुरवण्याचा संबंध वास, चव आणि बुरशी टाळण्याशी आहे. वजन कमी होतं ते वाळवण्यात.

आणि आपल्याकडे शिक्षा वजनावर ठरते.

कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया गांजात मोडत नाहीत. म्हणूनच पानांची भांग या कायद्याबाहेर राहते. महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ चा दारूबंदी कायदा आहे.

गांजा जवळ बाळगण्याच्या तीन पायऱ्या आहेत:

• १ किलोपेक्षा कमी: १ वर्षापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही
• त्याहून जास्त, पण व्यावसायिक प्रमाणापेक्षा कमी: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड
• २० किलोंपेक्षा जास्त, म्हणजे व्यावसायिक प्रमाण: १० ते २० वर्षं सक्तमजुरी आणि १ ते २ लाख दंड

लागवडीचा हिशोब वेगळा आहे. कलम २० (अ) मध्ये किलोची अटच नाही. एक झाड लावलं तरी १० वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. ‘स्वतःपुरतं’ अशी सूट कायद्यात कुठेही नाही. त्यामुळे बरणीतला पाव किलो एकवेळ लहान गुन्हा ठरेल, पण तो ज्या कुंडीतून आला ती कुंडी मोठा गुन्हा ठरेल.

मग काट्यावर काय ठेवायचं?

उसाच्या आडोशाला लावलेली झाडं पोलिसांनी उपटली, अशी बातमी राज्याच्या ऊसपट्ट्यातून अधूनमधून येते. भीमा आणि घोड नद्यांकाठचे दौंड-शिरूर याच पट्ट्यातले. बातमीत आकडा किलोत असतो. पण किलो कशाचे? मुळं, खोड, पानं, पाणी सगळं मिळून तोललं तर थोडक्या झाडांत २० किलो भरतात. फक्त शेंडे वेगळे करून तोलले तर तोच माल कितीतरी खाली येईल.

हा फरक कागदोपत्री नाही. व्यावसायिक प्रमाण ठरलं की कलम ३७ लागतं. मग आरोपी निर्दोष असल्याचं मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. २० किलोंच्या आत असेल तर जामिनाचे नेहमीचे निकष. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या एका प्रकरणात हीच व्याख्या अधोरेखित केली होती: शेंड्यांशिवायची पानं-बिया गांजा नव्हेत.

जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी ३ झाडं आणि ५० ग्रॅमची परवानगी दिली. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी ४ झाडं चालतात आणि सोबत ३० ग्रॅम बाळगता येतो. दोन्हीकडे हे ग्रॅम वाळलेल्या मालाचे, असं कायद्यातच लिहिलंय. आपल्या मर्यादेत ‘ओला की वाळलेला’ हे लिहिलेलं नाही. त्यामुळे वाद कोर्टात जातो आणि तोवर आरोपी आत असतो.

वावर तुमचं, झाड दुसऱ्याचं?

गावाकडे सगळ्यात कमी माहीत असलेला भाग हाच. कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत गांजाची झाडं असतील तर जमीनधारकाने ताबडतोब कळवायचं आहे. माहीत असून गप्प बसलं तर तोही शिक्षेस पात्र. कलम ४७ मध्ये तर पंच आणि सरपंच यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय कलम ५४ नुसार तुम्ही कसलेल्या जमिनीत झाड सापडलं, तर त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागतं.

वाट्याने किंवा खंडाने रान दिलं असेल तर बांधावर चक्कर मारणं का गरजेचं आहे, ते यावरून कळेल.

बदल होतोय का?

२ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वात कडक यादीतून काढण्याच्या बाजूने २७ विरुद्ध २५ मतं पडली. भारताचं मत बाजूने होतं. देशातला कायदा मात्र तोच राहिला. कलम १४ खाली सरकार धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने २०१८ मध्ये तो रस्ता धरला. पण त्याचा बरणीशी संबंध नाही.

कायदा सैल करावा की नाही, यावर दोन मतं असू शकतात. पण किती वर्षं आत जायचं हे वजनावर ठरणार असेल, तर काट्यावर काय ठेवायचं हे तरी कायद्याने स्पष्ट सांगायला हवं.

आणि सवय सुटत नसेल तर एक दार उघडं आहे. कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्याचा खटला टळू शकतो. लागवडीला ही सवलत नाही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, कॉल मोफत आहे.