पवनचक्कीचा शेअर: भाव पाहू नका, हिस्से मोजा

सोयाबीनचा पैसा हातात आला की दरवर्षी एखादी नवी हवा सुटते. यंदा पवनचक्की बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरची आहे. मनीषनगरात आमच्या बाजूला गावाकडे शेती अन् लेकरांच्या शिक्षणासाठी इथे फ्लॅट, अशी बरीच घरं आहेत. चहाच्या टपरीवर पहिले कापसाचा भाव निघायचा, आता सुझलॉन निघते. "भाऊ, चारशे साठचा शेअर होता तो, आता किती स्वस्त भेटून राहिला!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी लिहायला बसलो.

माझं म्हणणं एवढंच, शेअरचा नुसता भाव पाहून स्वस्त-महाग ठरत नाही.

सुझलॉन आपल्याच राज्यातली, पुण्याची कंपनी. १९९५ मध्ये तुलसी तांती यांनी सुरू केली. धुळ्याच्या साक्री भागात अन् साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर तिच्या चक्क्या उभ्या आहेत. २००५ मध्ये शेअर बाजारात आली, ५१० रुपयांना. २००८ च्या सुरुवातीला एका शेअरचे पाच झाले, म्हणजे मूळ किंमत १०२ धरा. तेव्हाच भाव ४६० पर्यंत गेला. मग जर्मनीतली रीपॉवर कंपनी घ्यायला काढलेलं कर्ज अंगावर आलं, अमेरिकेत पात्यांना तडे गेले, जगभर मंदी आली. २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे वीस कोटी डॉलरहून जास्त पैसे वेळेवर देता आले नाहीत. मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ८६ ला गेला.

आता हिशोब करा. २००५ मध्ये ज्याने लाखभर रुपये टाकून हात लावला नाही, त्याचे २००८ मध्ये साडेचार लाख दिसले, २०२० मध्ये दोन हजार राहिले, अन् ८६ च्या भावाने चौऱ्यांशी हजार झाले. किरकोळ लाभांश यात धरला नाही. एकोणीस वर्षांनी मुद्दलही पुरं नाही. अन् २०२० मध्ये दोन रुपयांत घेणाऱ्याचे चाळीसपट झाले. व्हॉट्सअॅपवर फिरते ती ही दुसरी गोष्ट. पहिलीवाला गप्प बसतो.

पण खरी मेख पुढे आहे. आजोबाची वीस एकर जमीन, सातबाऱ्यावर दोन नावं. पुढे अठरा नावं लागली. जमीन तेवढीच, पण एकाच्या वाट्याला किती आलं? कंपनीतही हेच होते. २००८ मध्ये सुझलॉनचे सुमारे १५० कोटी शेअर होते. कर्ज फेडायला, धंदा जगवायला नवनवे शेअर निघत गेले. २०१५ मध्ये दिलीप संघवी गटाला १०० कोटी शेअर १८ रुपयांनी, २०२२ मध्ये जुन्या भागधारकांना २४० कोटी शेअर ५ रुपयांनी, २०२३ मध्ये मोठ्या गुंतवणूकदारांकडून आणखी २,००० कोटी रुपये. त्यातून कर्ज उतरलं, कंपनी वाचली, हे मान्यच. पण शेअर झाले १,३६० कोटींच्या घरात.

म्हणून ४६० च्या भावाला सगळी कंपनी पडत होती जवळपास ६९,००० कोटींना. अन् ८६ च्या "स्वस्त" भावाला पडत होती एक लाख कोटींच्या वर! टपरीवर हा गुणाकार कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट धोरणाची. चक्की वाऱ्यावर फिरते, पण कंपनी सरकारी नियमावर चालते. २०१२ मध्ये घसाऱ्याची कर-सवलत गेली अन् मागणी पडली. २०१४ मध्ये ती परत आली. २०१७ मध्ये लिलाव सुरू झाले, विजेचा दर थेट ३ रुपये ४६ पैशांवर आला. २०१६-१७ मध्ये देशात ५,५०० मेगावॉटच्या आसपास चक्क्या उभ्या राहिल्या, पुढच्याच वर्षी २,००० च्याही आत. ज्यांच्या कारखान्यात माल पडून होता त्यांचं काय झालं असेल? तेलाचं आयात शुल्क हललं की आपल्या सोयाबीनचं होते तेच. आपण आधीच सरकारी निर्णयावर जगतो, उरलेला पैसाही तसल्याच दुसऱ्या धंद्यात टाकायचा काऊन, हा माझा प्रश्न आहे.

लहान कंपन्यांमध्ये तर जास्त जपावं लागते. सुटे भाग बनवणाऱ्याचा ग्राहक एक-दोनच मोठी कंपनी, अन् उधारी लांबली की बँकेचं व्याज त्याच्या डोक्यावर. "मोठी ऑर्डर मिळाली" या बातमीवर शेअर उडतो. पण ऑर्डर म्हणजे पेरणी झाली, घरात माल आला नाही. किती मेगावॉट खरंच उभे झाले अन् पैसे किती वसूल झाले, ते पहा.

(काहींनी शेतात छोटी चक्की बसवू का विचारलं. वारा निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. साताऱ्याच्या पठारासारखा वारा आपल्याकडे नाही. पंपासाठी सौरच बरा.)

घ्यायचाच असेल तर खरिपाच्या बी-खताचा अन् पीक कर्जाचा पैसा त्यात नको. जो पैसा पाच वर्षं लागणार नाही तोच टाका. अन् त्याआधी शेअर बाजाराच्या वेबसाईटवर त्या कंपनीचं नाव टाकून दर तिमाहीचा भागधारकांचा तक्ता उघडा. पाच वर्षांपूर्वी एकूण शेअर किती होते, आज किती, हे दोन आकडे वहीत लिहा. आजच्या आकड्याला भावाने गुणा. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. कोणाला जमलं नाही तर कंपनीचं नाव खाली लिहा, सोबत करून पाहू. तुरीच्या अळीचं उद्या टाकतो.