वाचा खुशाल, लिहिताना पीएलसीला विचारा

भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर पीएलसीच्या पॅनेलशेजारी पीसी असणे आता नवे नाही. त्यावर सी-शार्प किंवा पायथनमधला घरचाच प्रोग्रॅम. रेसिपी त्यातून उतरते, उत्पादनाचा हिशेब त्यात चढतो. एस७-१२०० असेल तर पुट-गेटची परवानगी द्यायची, लागणाऱ्या डेटा ब्लॉकचा (डीबी) ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस काढायचा, शार्प७सारखी फुकट लायब्ररी जोडायची, की झाले. आमची हरकत या ‘की झाले’ला आहे.

वाचताना चुकले तर बहुधा लगेच कळते. मॉडबसमधला 40001 वायरवर 0 असतो, 32 बिटांचा रिअल दोन रजिस्टरांत बसतो आणि त्यांचा क्रम उत्पादकागणिक बदलतो. घोळ झाला की भट्टीचे तापमान अचाट दिसते आणि आपण हसून क्रम उलटवतो. लिहिताना हाच आकडा सेटपॉइंट होऊन यंत्रात जातो.

त्याहून फसवा प्रकार बिटांचा. प्रोग्रॅम अख्खा वर्ड वाचतो, आपला एक बिट बदलतो, वर्ड परत लिहितो. या फेरीला 50 मिलिसेकंद आणि स्कॅनला 10 धरले, तर मधल्या काळात पाच स्कॅन होऊन गेले. तेवढ्यात पीएलसीने लावलेला फॉल्ट बिट पुसला जातो. ऑपरेटर शपथेवर सांगतो की अलार्म आला होता. लॉगमध्ये काही नसते. असे दोष शोधण्यात आठवडे जातात.

म्हणून पीसीने चालू लॉजिकच्या टॅगला हात लावू नये. त्याच्यासाठी वेगळा डीबी ठेवावा. पीसी तिथे मागणी आणि तिचा क्रमांक टाकेल. मोड, मर्यादा, इंटरलॉक तपासून ती स्वीकारायची की नाही, हे लॅडर ठरवेल आणि तोच क्रमांक पोच म्हणून परत देईल. सोबत हार्टबीट हवाच, कारण विंडोज अपडेटसाठी केव्हा रीस्टार्ट होईल याचा नेम नाही. इमर्जन्सी स्टॉप या वाटेने नेण्याचा विचारही नको.

मॉडबस 1979चा. लिहिणारा कोण, हे तो विचारतच नाही. जानेवारी 2024मध्ये युक्रेनमधल्या ल्विवमध्ये हल्लेखोरांनी मॉडबसनेच हीटिंगच्या कंट्रोलरना आज्ञा पाठवल्या आणि सहाशेवर इमारतींची ऊब ऐन थंडीत गेली. ओपीसी यूएमध्ये सर्टिफिकेटची सोय आहे. कमिशनिंगच्या घाईत ‘सिक्युरिटी नन’ ठेवून जायचे, मग सोय असून उपयोग काय?

मशीन ताब्यात देण्याआधी, रिकाम्या सायकलवर, ग्राहकासमोर पीसीची केबल काढून दाखवा. त्या क्षणी मशीनने काय करायचे, हे आधीच कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.