वेगाचा विवेक

हिवाळा आला की गोव्यात लांब पल्ल्याच्या शर्यतींचे फलक झळकू लागतात. सर्व वयांची हौशी माणसे प्रथमच २१ किलोमीटरांच्या धावेस उभी राहतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्यांपैकी अनेकांची शर्यत पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच बिघडते. पहाटेचा गारवा, सभोवतालची गर्दी आणि ताजे पाय यांमुळे वेग नकळत वाढतो. तो त्या क्षणी जड वाटत नाही, हाच खरा धोका होय.

याचे कारण शरीरधर्मात आहे. स्नायू व यकृत यांतील शर्करेचा साठा मर्यादित असतो आणि वेगाबरोबर तो झपाट्याने खर्ची पडतो. आरंभीची उधळपट्टी अखेरीस व्याजासह फेडावी लागते. त्यातच किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही व अंगातील उष्णता कोंडून राहते. अशा वेळी हट्टाने वेग राखणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणे होय.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील मॅरेथॉन या दृष्टीने बोधप्रद आहे. त्या उष्ण दिवशी आरंभी जोरात सुटलेले यजमान धावपटू मागे पडले. इटलीचा दोरांदो पिएत्री मैदानात प्रथम पोहोचला. पण तेथे दिशा चुकून वारंवार कोसळला आणि इतरांच्या आधाराने रेषा ओलांडल्यामुळे बाद ठरला. सुवर्णपदक मिळाले ते मागून बेताने आलेल्या जॉनी हेसला. पुढे २०१८ साली बर्लिनमध्ये एलिउड किपचोगेने तत्कालीन विश्वविक्रम केला, तेव्हा त्याने पूर्वार्ध ६१ मिनिटे ६ सेकंदांत, तर उत्तरार्ध ६० मिनिटे ३३ सेकंदांत धावून काढला.

नवख्याने यावरून साधा नियम घ्यावा. पहिला चतुर्थांश पल्ला सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्याच गतीने धावावा. चढावर वेगाचा आग्रह सोडावा. उरलेली शक्ती शेवटच्या पाच किलोमीटरांत खर्चावी. भोवळ आली वा अंगावर शहारे आले तर तत्काळ थांबावे. त्यात कमीपणा नाही.

आयोजकांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. सूर्योदयापूर्वी आरंभ, वाटेवर पुरेसे पाणी, नवोदितांना रांगेत मागे उभे करणे आणि निशाण पडण्यापूर्वी चार शब्दांची समज, एवढ्याला फारसा खर्च येत नाही. एकदा कोसळलेला माणूस बहुधा पुन्हा धावावयास येत नाही. हसतमुखाने रेषा ओलांडणारा मात्र पुढील वर्षी शेजाऱ्यालाही घेऊन येतो.