शरण गेलेलं ओमाशू

सुट्टीत भाचा आला की आमच्या टीव्हीवर त्याचंच राज्य. यंदा त्यानं 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' लावलं. २००५ ते २००८ मध्ये अमेरिकेत आलेली ही कार्टून मालिका. त्यातलं ओमाशू हे डोंगरावरचं शहर अग्निराष्ट्र जिंकतं आणि आपल्या राजाच्या नावावरून त्याला 'न्यू ओझाई' म्हणू लागतं. ओमाशूचा म्हातारा राजा बूमी लढतच नाही, सरळ शरण जातो. आमचे भावजी म्हणाले, "कसला राजा! लढून मेले असते तर नाव तरी राहिलं असतं."

मला राहवेना. नाव राहिलं असतं ते राजाचं. मेली असती ती गल्लीबोळातली माणसं. पुढं तीच माणसं अंगावर लाल ठिपके उठवून, साथ आल्याचं सोंग करून, शिपायांच्या डोळ्यांदेखत शहराबाहेर पडतात. ह्याला पळपुटेपणा म्हणायचं? मी तर शहाणपण म्हणते. शहर म्हणजे तट नव्हे, त्यात राहणारी माणसं.

बूमी म्हणतो, चढाई आणि माघार यांखेरीज तिसराही मार्ग असतो: ऐकत राहायचं, योग्य वेळेची वाट पाहायची. पुढं सूर्यग्रहणात शत्रूची शक्ती जाते, तेव्हा तो एकटाच शहर सोडवतो. तेव्हा तो हात उगारतोच, आणि आमच्या अहिंसेत ते बसत नाही, हे मी कबूल करते. पण वाट पाहणं म्हणजे भेकडपणा, हे मात्र मला मान्य नाही.

खरी कसोटी वेगळीच. निघालेल्या गर्दीत सुभेदाराचं तान्हं पोर चुकून येतं. पोर द्या, राजा न्या, असा सौदा ठरतो. साम्राज्याची राजकन्या हिशेब मांडते: दोन वर्षांच्या पोरासाठी राजा कशाला द्यायचा? पोराची सख्खी बहीणसुद्धा मान डोलावते. सौदा मोडतो. पोराच्या बदल्यात हाती काहीच येणार नाही, हे ठाऊक असूनही आंग, तो बारा वर्षांचा मुलगा, रात्री गुपचूप जाऊन पोराला आईबापांच्या घरी सोडून येतो.

दशलक्षण पर्वात उत्तम क्षमेवर प्रवचनं आपण दरवर्षी ऐकतो, माना डोलावतो आणि घरी येऊन 'शत्रूला ठेचलाच पाहिजे' म्हणतो. भावजी, नावाचं राहू द्या. ते पोर तुमच्या हाती लागलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं, एवढंच सांगा.