फिशपाँड बंद करू नका, बेनामी चिठ्ठी बंद करा!

मंडळी, जानेवारी संपत आला की आपल्या नवघर-भाईंदरात दहावीच्या निरोप समारंभांचा हंगाम लागतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीतच असते, त्यामुळे सगळ्या शाळा घाईत उरकून घेतात. मांडव, फुगे, समोसा-वेफर्सचं पाकीट, प्रमुख पाहुणे म्हणून कुणीतरी आजी, माजी किंवा भावी नगरसेवक. पाहुण्यांचं भाषण चाळीस मिनिटं, पोरांना दहा. हे नेहमीचंच आहे, त्यावर आज लिहीत नाही.

आज लिहितोय फिशपाँडवर.

सध्या दोन प्रकारच्या शाळा दिसतात. एका प्रकारात सरळ नोटीस लागते, "यंदा फिशपाँड होणार नाहीत." दुसऱ्या प्रकारात खोका उघडा ठेवतात आणि म्हणतात, "पोरांची मज्जा आहे हो, एवढं काय मनावर घ्यायचं!" माझं म्हणणं दोघांनाही आवडणार नाही. बंदी घालणारे आळशी आहेत आणि मोकाट सोडणारे बेजबाबदार.

ज्यांना फिशपाँड म्हणजे काय माहीत नाही (आपल्या शहरात बाहेरून आलेली बरीच मंडळी आहेत आणि ती आपलीच आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्गातल्या प्रत्येकावर कुणीतरी दोन ओळी लिहितं. कधी यमक, कधी म्हण, कधी सिनेमातल्या गाण्याची ओळ. चिठ्ठी खोक्यात टाकायची, नाव लिहायचं नाही. समारंभात एकेक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायची. ज्याच्यावर आहे तो लाजतो, बाकीचे हसतात.

याला मराठीत जुना शब्द आहे, शेलापागोटे. शब्द नीट बघा. शेला आणि पागोटं या मानाच्या वस्तू. कुणाचा सत्कार करायचा तर खांद्यावर शेला घालायचा, डोक्याला पागोटं बांधायचं. म्हणजे आपल्या भाषेने या खेळाला नाव दिलं ते सत्काराचं. थट्टा करायची, पण ती मान देऊन. आपण काय केलं? शेला कधीच काढून घेतला, आता फक्त पागोटी उडवतो.

आपल्याच भागातल्या एका शाळेच्या समारंभाचा व्हिडिओ फिरत फिरत माझ्या मोबाईलवर आला. शाळेचं नाव लिहिणार नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. एका सावळ्या मुलीवर चिठ्ठी होती की लाईट गेली तर हसत जा, म्हणजे दिसशील. एका जाड मुलावर होती, बाकाच्या तब्येतीबद्दल. आगरी घरातल्या एका पोराच्या बोलण्याची नक्कल करणारी एक होती, "जातंव, येतंव" करून. वाचणारा विद्यार्थीच होता, मागे शिक्षक बसलेले, तेही हसत होते. ती मुलगीही हसली. कॅमेरा तिच्यावरून हलेपर्यंत हसत राहिली. ते हसू ज्याला ओळखता येत नाही त्याने शाळेत शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वी हा खेळ दुपारी सुरू व्हायचा आणि दुपारीच संपायचा. चिठ्ठ्या कचऱ्यात जायच्या. आता त्याची रील होते. संध्याकाळपर्यंत ती सोसायटीच्या ग्रुपवर, रात्रीपर्यंत गावाकडच्या मामाकडे. सोळा वर्षांच्या पोरीला तिच्या रंगावरचा विनोद पुढची दहा वर्षं कुणीही पुन्हा दाखवू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी असं लिहिलंय. पण कायदा बाजूला ठेवा. एवढी अक्कल यायला संसदेची वाट कशाला बघायची?

आता खरी मेख सांगतो. "आम्ही चिठ्ठ्या आधी तपासतो" असं प्रत्येक शाळा सांगते. तपासतात, खरंच तपासतात. पण काढतात कुठल्या? सरांवरची काढतात. संस्थाचालकांवरची काढतात. शाळेच्या पाण्याच्या टाकीवरची, बंद पडलेल्या पंख्यावरची, स्वच्छतागृहाच्या कडीवरची काढतात. राहतात कुठल्या? जाडीच्या, रंगाच्या, उंचीच्या, बोलण्याच्या. म्हणजे जो उत्तर देऊ शकतो त्याच्यावरची थट्टा "शिस्तीचा भंग", आणि जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावरची थट्टा "निखळ विनोद". पोरं दहा वर्षांत नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून जेवढं शिकत नाहीत तेवढं या एका दुपारी शिकतात. वरच्यावर हसायचं नाही, खालच्यावर हसायचं. पुढे हीच पोरं मोठी होऊन मतदान करतात, मग आपण विचारतो लोक प्रश्न का विचारत नाहीत.

मग बंदी का नको? दोन कारणं आहेत.

पहिलं, बंदीने थट्टा थांबत नाही, फक्त जागा बदलते. शाळेत खोका बंद झाला की इन्स्टाग्रामवर शाळेच्या नावाचं बिननावी कन्फेशन पेज उघडतं. तिथे तपासणारे सरही नाहीत आणि समोर बसलेला वर्गही नाही. खोक्यात निदान लिहिणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसायचा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा. वर्तणूक: चांगली. प्रगती: समाधानकारक. पहिल्या बाकावरच्यालाही तेच, शेवटच्यालाही तेच. दहा वर्षं शाळेत काढून पोराच्या हातात पडतं ते हे. त्या पोराला कुणी बघितलं होतं का, तो कसा होता, वर्गात त्याच्यामुळे काय व्हायचं, याची नोंद कुठेच नाही. गुणपत्रिकेत नाही, दाखल्यात नाही, ग्रुप फोटोत तर तिसऱ्या रांगेत अर्धं डोकं. वर्गमित्राने लिहिलेल्या दोन खऱ्या ओळी ही त्याची एकमेव नोंद. ती पण बंद करून टाकायची आणि त्या जागी "मिस्टर फेअरवेल, मिस फेअरवेल"चे सॅश घालायचे? चाळीस पोरांतल्या दोघांना सॅश, अडतीस जणांना टाळ्या वाजवायचं काम.

आणि आपल्या भाषेत ही परंपरा काय तोलामोलाची आहे! पु. ल. देशपांड्यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली आलं, १९६५ साली त्याला साहित्य अकादमी मिळालं. सगळं पुस्तक माणसांच्या थट्टेचं आहे. पण नारायणाची थट्टा आहे ती दुसऱ्याच्या लग्नात राबताना त्याच्या होणाऱ्या धावपळीची. सखाराम गटणेची आहे ती त्याच्या पुस्तकी बोलण्याची. माणूस काय करतो, कसा बोलतो, कशासाठी जीव टाकतो, यावर ते हसतात. आणि हसून झाल्यावर तो माणूस आपल्याला आधीपेक्षा जास्त आवडायला लागतो. थट्टेची परीक्षा एवढीच. वाचून झाल्यावर माणूस मोठा झाला की लहान?

कुणी म्हणेल, ठणठणपाळ तर टोपणनावानेच लिहायचा की! बरोबर. 'ललित' मासिकात जयवंत दळवी त्या नावाने भल्याभल्या साहित्यिकांची टोपी उडवायचे, सोबत वसंत सरवट्यांची चित्रं. पण त्यात दोन गोष्टी होत्या. अंकावर संपादकाचं नाव छापलेलं होतं, जाब विचारायला पत्ता होता. आणि ज्यांच्यावर लिहिलं जायचं त्यांच्याही हातात लेखणी होती. नववी-दहावीतल्या गप्प बसणाऱ्या पोरीच्या हातात काय आहे?

पत्रकारितेच्या पदविकेला असताना आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं, सही नसलेल्या पत्रावरून बातमी करायची नाही. आधी माणूस शोधा, मग मजकूर. शाळेतला फिशपाँड हा पोरांचा पहिला छापील नसलेला स्तंभ आहे. तिथेच त्यांना सही करायला शिकवा. सही करायची म्हटली की निम्मा कचरा आपोआप गळतो. उरलेलं निम्मं सुधारतं, कारण उद्या त्याच रिक्षा स्टँडवर दोघांना भेटायचं असतं.

हे होतं, मी बघितलंय. एका शाळेत बाईंनी सही सक्तीची केली. आधी पोरं कुरकुरली, मग लिहायला बसली. बाईंच्या परवानगीने त्यातले काही वाचले. नावं गाळून चार देतो.

एका उशिरा येणाऱ्यावर: "याचं घर शाळेच्या भिंतीला लागून. तरी याने दहा वर्षं प्रार्थना जिन्यातच म्हटली."

एका मुलीवर: "हिने डब्यात स्वतःपुरतं कधी आणलंच नाही, मागच्या तीन बाकांचं धरून आणलं. गणितात किती पडतील माहीत नाही, हिच्या आईच्या भेंडीला शंभर."

उत्तरेकडून आलेल्या एका मुलावर: "पाचवीत आला तेव्हा 'माझा आई' म्हणायचा. आता आमचं शुद्धलेखन हाच तपासतो, आणि आम्ही चुकलो की 'माझा आई' म्हणून आम्हालाच चिडवतो."

आणि एका सरांवर: "शेवटचं सांगतो, असं सर इतक्या वेळा म्हणालेत की आज खरंच शेवटचा दिवस आहे यावर विश्वास बसत नाही."

सरांवरचा वाचला तेव्हा सर सगळ्यात जोरात हसले म्हणे. बघा, आभाळ कोसळलं नाही.

तिसरा पुन्हा वाचा. आपल्या मीरा-भाईंदरात मराठी-अमराठीवरून काय काय झालं ते जुलै २०२५ मध्ये सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. कानाखाली, मोर्चे, धरपकड. मराठीचा आग्रह मलाही आहे, आणि तो मी सोडणार नाही. पण त्या चार ओळींत एका पोराने मराठी कशी कमावली आणि वर्गाने त्याला कसं आपलं केलं, हे सगळं आलंय. आमच्या बातम्यांत ते आलं नाही.

हे नवघरात जास्त महत्त्वाचं का, तेही सांगतो. मिठागरं आणि भातशेतीचं हे गाव. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. इथे आगरी-कोळी, घाटावरचे, कोकणातले, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, सगळ्यांची पोरं एका बाकावर बसतात ती फक्त दहावीपर्यंत. नंतर कुणी बोरिवलीला कॉलेजात, कुणी वसईला आयटीआयला, कुणी बापाच्या दुकानावर, कुणाचं भाडं परवडेना म्हणून घरच नालासोपाऱ्याला. पुन्हा ही सगळी एका खोलीत येत नाहीत. निघताना त्यांनी एकमेकांना काय दिलं, हा प्रश्न साधा नाही.

तेव्हा मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि पालक, तिघांनाही जाहीर विनंती. पुढच्या हंगामाआधी एवढं करा:

१) चिठ्ठीखाली सही हवीच. सही नाही, वाचन नाही.

२) करणीवर लिहा, कातडीवर नको. रंग, वजन, उंची, जात, धर्म, बोली, घरची परिस्थिती आणि मुला-मुलींच्या जोड्या, हे विषय बाद.

३) ज्याच्यावर आहे त्याला आधी वाचायला द्या. तो नको म्हणाला तर कारण न विचारता फाडा.

४) एकही पोर सुटता कामा नये. वर्गात कुणावरच लिहावंसं वाटलं नाही असं पोर असेल, तर तो त्या पोराचा नाही, वर्गाचा निकाल आहे. त्याच्यावर वर्गशिक्षकांनी लिहावं.

५) शिक्षकांवरच्या आणि शाळेवरच्या चिठ्ठ्या काढायच्या नाहीत. पंखा बंद असेल तर त्यावर हसू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त करा.

६) वाचन चालू असताना मोबाईल बंद. पाहुण्यांचेसुद्धा.

यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही, ठराव लागत नाही, टेंडर काढावं लागत नाही. बहुतेक म्हणूनच ती होत नसावी.

पटलं तर आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली कमेंटमध्ये खुशाल भांडा. माझ्यावर फिशपाँड लिहिलात तरी चालेल, पोटाचा घेर सोडून बाकी सगळं लिहा. फक्त फेक अकाउंटवरून नको. नावानिशी या.