राउटरचा दिवा हिरवा, तरी नेट बंद! नेटवर्किंग शिकून कोल्हापुरातच नोकरी मिळू शकते का?

शिवाजी पेठेतल्या एखाद्या अरुंद गल्लीत उभं राहून वर पाहिलं, तर आभाळाआधी वायरी दिसतात. विजेच्या, केबल टीव्हीच्या आणि गेल्या काही वर्षांत भर पडलेल्या काळ्या, बारीक फायबरच्या. खाली दुकानात यूपीआयचा क्यूआर कोड, झेरॉक्स सेंटरवर ऑनलाइन अर्जांची रांग, चौकात सीसीटीव्ही, घराघरांत वायफाय. हे सगळं त्या वायरींच्या भरवशावर चालतं.

नेट बंद पडलं की सगळ्यांना एकच माणूस आठवतो, तो म्हणजे नेटवर्क टेक्निशियन.

बारावी, आयटीआय किंवा बीसीए झालेल्या अनेक तरुणांना हे काम खुणावतं. फार मोठी पदवी लागत नाही, काम गावातच मिळू शकतं आणि पुण्यात खोली भाड्यानं घेण्याचा खर्च वाचतो. दुसरीकडे 'शंभर टक्के नोकरी' सांगणाऱ्या क्लासच्या जाहिरातीही मोबाइलवर येत राहतात. मग या क्षेत्रात खरंच दम आहे का? आणि शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?

हा प्रश्न आत्ताच का?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या साधारण २ टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात प्रामुख्यानं मधल्या आणि वरच्या फळीतले कर्मचारी होते. तरी 'आयटीत गेलं की आयुष्य सेट' हा घराघरातला हिशोब त्यामुळे हलला.

त्याच वेळी नेटवर्कचं जाळं मात्र वाढतंय. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्याचा खर्च १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये आहे. देशातल्या २.६४ लाख ग्रामपंचायती फायबरच्या 'रिंग'नं जोडायच्या, म्हणजे एका बाजूची वायर तुटली तरी दुसऱ्या बाजूनं नेट सुरू राहील, अशी ही रचना आहे. ती उभारायला आणि पुढे वर्षानुवर्षं सांभाळायला माणसं लागणार.

कोल्हापुरापुरतं पाहिलं, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी इथं सुरू झालं. त्याच्या आसपास जी वकिलांची कार्यालयं थाटली जातील, त्या प्रत्येकाला नेट, प्रिंटर आणि कॅमेरा लागेल. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतले कारखाने, शहरातली हॉस्पिटलं आणि कॉलेजं तर आधीपासून आहेतच.

टेक्निशियन नेमकं करतो काय?

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, पेठेतलं एक मेडिकल दुकान आहे. वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नव्हतं, म्हणून भाच्यानं घरात पडलेला जुना राउटर वायरीनं जोडून दिला. दुसऱ्या दिवशी बिलिंगच्या कॉम्प्युटरवर नेट बंद. मालकाच्या मोबाइलवर मात्र ते सुरू. दोन्ही राउटरचे दिवे हिरवे!

पहिला टेक्निशियन येतो, सगळं बंद करून चालू करतो. नेट सुरू होतं. तो जातो आणि तासाभरात पुन्हा तीच कटकट. 'कंपनीकडूनच प्रॉब्लेम आहे,' असं तो फोनवर सांगतो.

दुसरा येतो, तो आधी फायबरच्या डब्याकडे पाहतो. 'लॉस'चा लाल दिवा लागलेला नाही, म्हणजे बाहेरची लाइन ठीक आहे. मग तो कॉम्प्युटरवर 'आयपीकॉन्फिग' ही कमांड देतो. कॉम्प्युटरचा पत्ता दिसतो १९२.१६८.०.१०४. मोबाइलचा पत्ता आहे १९२.१६८.१.७.

दोष इथंच सापडतो. आयपी पत्ता हा घराच्या पत्त्यासारखा असतो. इथं पहिले तीन आकडे गल्ली सांगतात, शेवटचा आकडा घर. मोबाइल एका गल्लीत राहतोय आणि कॉम्प्युटरला भलत्याच गल्लीचा पत्ता मिळालाय. त्या गल्लीतून बाहेर पडायला रस्ताच नाही, कारण जुना राउटर इंटरनेटला थेट जोडलेला नाही.

असं का झालं? पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. ते काम एका राउटरनं करायचं असतं, इथं दोघं करत होते. जो आधी उत्तर देईल, त्याचा पत्ता लागू. म्हणूनच रीस्टार्ट केल्यावर कधी नेट चालायचं, कधी नाही. दुसरा टेक्निशियन जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करतो, त्याला पहिल्या राउटरच्या गल्लीतला एक मोकळा पत्ता देतो आणि कॉम्प्युटरला नवा पत्ता घ्यायला लावतो. काम संपतं.

दोघांच्या बॅगेत अवजारं सारखीच होती. दुसऱ्याला नेटवर्क कसं चालतं, हे ठाऊक होतं, एवढाच फरक.

मग पाया म्हणजे काय काय?

तालमीत आल्याआल्या कुणी डाव शिकवत नाही, आधी जोर-बैठका काढायला लावतात. नेटवर्किंगचंही तसंच आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत एवढं पक्कं व्हायला हवं :

• वायर : कॅट सिक्स केबलच्या आठ तारांचा रंगक्रम आणि क्रिम्पिंग. तांब्याच्या अशा केबलची मर्यादा १०० मीटर असते. त्यापुढे मध्ये स्विच किंवा मग फायबर लागतं.

• फायबर : सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. ३ डेसिबलची घट म्हणजे प्रकाश निम्म्यावर आला. वायर जास्त वाकली किंवा जोड नीट नसला, तर हेच होतं. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहायचं नाही, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

• पत्ते : आयपी, सबनेट, गेटवे. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्याला डीएचसीपीकडून उत्तरच मिळालेलं नाही, हे पाहताक्षणी कळलं पाहिजे.

• नावं : ८.८.८.८ ला 'पिंग' जातंय, पण वेबसाइट उघडत नाही? मग संशय आधी डीएनएसवर. वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा आहे.

• क्रम : पुस्तकातले 'ओएसआय'चे सात थर परीक्षेपुरते पाठ करून उपयोग नाही. आधी वायर, मग पत्ता, मग रस्ता, शेवटी अ‍ॅप, असं खालून वर तपासत जाण्याची ती पद्धत आहे.

शिकायचं कुठं, खर्च किती?

सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचे सुरुवातीचे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत. 'पॅकेट ट्रेसर' हे त्यांचं सॉफ्टवेअरही मोफत मिळतं. त्यात राउटर-स्विचचं अख्खं नेटवर्क कॉम्प्युटरवरच उभारता येतं. स्वयम पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे नेटवर्कवरचे कोर्स मोफत पाहता येतात. अडचण एकच, बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे.

आयटीआयमध्ये एक वर्षाचा 'कोपा' आणि दोन वर्षांचा 'आयसीटीएसएम' असे कॉम्प्युटरशी संबंधित ट्रेड असतात. त्यातला कोपा मुख्यतः ऑपरेटरचा आहे. नेटवर्क आणि दुरुस्तीचं काम आयसीटीएसएममध्ये जास्त येतं. पेठेपासून कळंबा रस्त्यावरचं शासकीय आयटीआय लांब नाही. यंदा तिथं कोणते ट्रेड आहेत, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावं.

राहिला प्रश्न सीसीएनएचा. ही परीक्षा १२० मिनिटांची आहे, फी ३०० डॉलर आणि त्यावर कर. म्हणजे २५ हजार रुपयांच्या पुढे. प्रमाणपत्र ३ वर्षंच वैध राहतं. पहिल्या नोकरीच्या आधीच एवढे पैसे घालायची गरज नसते. वर्षभर प्रत्यक्ष काम केल्यावर ही परीक्षा दिली, तर अभ्यासही सोपा जातो आणि पुढच्या नोकरीसाठी तिचा उपयोगही होतो.

यातला धोका कोणता?

पहिली नोकरी बहुतेकदा कंत्राटी असते. स्वतःची गाडी, खांबावर चढणं, पावसात फिरणं आणि रात्री-अपरात्री फोन. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की कामाचा ताण आणखी वाढतो. पेट्रोल कोण देणार, अपघात विमा आहे का, उंचीवर काम करताना सेफ्टी बेल्ट मिळतो का, हे रुजू होण्याआधी विचारणं हा उद्धटपणा नाही.

दुसरा धोका अडकून पडण्याचा. फक्त जोडणी करणारा माणूस पाच वर्षांनीही जोडणीच करत राहतो. ज्याला दोष शोधता येतो, त्याला एखादं हॉस्पिटल किंवा कारखाना स्वतःचं नेटवर्क सांभाळायला ठेवतो. 'राउटर बंद करून चालू करा' एवढं सांगायचं काम तर आता चॅटबॉटही करतो. पण भाच्यानं जोडलेला जुना राउटर वरच्या मजल्यावर जाऊन शोधायला माणूसच लागतो.

क्लासला पैसे भरण्याआधी

तीन प्रश्न जरूर विचारावेत. प्रत्यक्ष राउटर आणि स्विच किती आहेत, आणि एका बॅचमध्ये मुलं किती? मुद्दाम बिघाड करून तो शोधायला लावतात का? मागच्या बॅचमधली मुलं सध्या कुठं काम करतात, त्यांच्याशी बोलता येईल का?

आणि त्याही आधी, घरातले दोन जुने राउटर, एक केबल आणि मोफतचं पॅकेट ट्रेसर घेऊन महिनाभर स्वतः प्रयोग करून पाहावा. वर सांगितलेला मेडिकल दुकानातला गोंधळ मुद्दाम घालायचा आणि कुणालाही न विचारता सोडवायचा. तो सोडवताना मजा आली, तर फी भरायला हरकत नाही. कंटाळा आला, तर निदान फीचे पैसे तरी वाचले.