लॅपटॉपातला एक्सपी आणि २००६ ची जाहीर नोटीस

मंडळी, आज राजकारण नाही. नगरपालिकेचे खड्डेही नाहीत, ते पुढच्या आठवड्यात. आज कॉम्प्युटरवर लिहितोय. 'आपल्याला त्यातलं काय कळतं' म्हणून पुढे सरकू नका, कारण विषय शेवटी आपल्या सगळ्यांच्या कागदपत्रांवर येतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. जवळच्याच एका गावच्या मावशी मुलाला घेऊन ऑफिसात आल्या. शेताच्या वाटणीचा वाद कोर्टात आहे. २००६ साली त्या जमिनीच्या खरेदीआधी एका वकिलांनी आमच्या साप्ताहिकात जाहीर नोटीस दिली होती, एवढंच त्यांना आठवत होतं. महिना कुठला, अंक कुठला, काही नाही. "दादा, तुमच्याच पेपरात आली होती. बघा ना कुठं सापडती का."

आमच्याकडे छापील अंकांच्या बांधीव फायली आहेत. म्हणजे होत्या. ज्या कपाटात ती वर्षं होती त्याला मागच्या बाजूने वाळवी लागली आणि आम्हाला कळलं तेव्हा २००६ चा नुसता भुसा शिल्लक होता. आता राहिला कॉम्प्युटर. त्या काळची सगळी पानं आम्ही पेजमेकरमध्ये लावायचो. फायली सीडीवरून हार्ड डिस्कवर, हार्ड डिस्कवरून पेन ड्राइव्हवर असं करत जपल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. फाईल उघडेचना. एक-दोन पानांचा मजकूर कसाबसा बाहेर काढला, तर समोर डॉलर, टक्के, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी.

कारण जुन्या पत्रकारांना आणि डीटीपीवाल्यांना माहीत आहे. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक मराठी फॉन्टची आपली स्वतःची भाषा होती. कॉम्प्युटरच्या पोटात 'क' म्हणून 'क' साठवलेलाच नसायचा. एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवायचं आणि त्यावर 'क'चा मुखवटा चढवायचा. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की खिचडी. त्यात आमचं मराठी सॉफ्टवेअर डोंगलवर चालायचं. डोंगल म्हणजे मागे लावायची कुलपाची किल्ली. ती लावल्याशिवाय अक्षर उमटायचं नाही. नव्या विंडोजवर ते सगळं बसवायचा प्रयत्न आम्ही पूर्वीच करून दमलो होतो.

मदतीला आला आमच्या गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला पोरगा. म्हणाला, "काका, जुना कॉम्प्युटर शोधत बसू नका. तुमच्याच लॅपटॉपात एक्सपी टाकून देतो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये."

मी म्हटलं, अरे, माझा लॅपटॉप फॉरमॅट करतोस का काय? म्हणाला, काही फॉरमॅट होत नाही. आणि खरंच झालं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. व्हर्च्युअलबॉक्स हे एक सॉफ्टवेअर आहे. ते लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करतं. त्याला थोडी रॅम द्यायची, हार्ड डिस्कच्या जागी एक मोठी फाईल द्यायची, आणि त्यात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची. आतल्या सिस्टीमला वाटतं आपण खऱ्याच मशीनवर आहोत. लॅपटॉपच्या मूळ सिस्टीमला होस्ट म्हणतात, आतलीला गेस्ट. यजमान आणि पाहुणा. पाहुण्याने घर सोडलं, बिघडला, त्याला व्हायरस लागला, तरी यजमानाच्या सामानाला सहसा धक्का लागत नाही. बिघाड होण्याआधी 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवला असेल तर पाहुणा एका क्लिकमध्ये होता तसा परत मिळतो.

कल्पना नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरवर हे १९६० च्या दशकापासून चालत आलंय. साध्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीची खास सोय इंटेल आणि एएमडीने २००५-०६ च्या सुमारास दिली. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती बायोसमध्ये बंद असते, तेवढी चालू करावी लागते. आमचं पहिलं तासभराचं डोकं तिथेच गेलं.

माझा लॅपटॉप २०१७ चा. आठ जीबी रॅम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही, म्हणून मी आधीच त्यावर लिनक्स टाकून घेतलं होतं. त्या लिनक्सच्या पोटात एक्सपी बसवली. एक्सपीची मूळ सीडी आणि खोक्यावरचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक आमच्या जुन्या ऑपरेटरने कपाटात जपून ठेवला होता, त्याचे उपकार. रॅम दिली एक जीबी, डिस्क वीस जीबी. इंटरनेट मात्र तोडूनच ठेवलं, कारण एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबलेत. असा पाहुणा बाजारात सोडायचा नसतो.

आणि मग ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ स्क्रीनवर आलं. खोटं कशाला सांगू, गलबलून आलं. पेजमेकर चढवलं, फॉन्ट चढवले, डोंगल लॅपटॉपला लावून एक्सपीकडे सोपवलं, आणि २००६ चं पहिलं पान उघडलं. स्वच्छ मराठी. ज्या बातमीवरून आम्हाला तेव्हा धमकीचे फोन आले होते ती बातमी, गेलेल्या माणसांचे वाढदिवसाचे फोटो, बंद पडलेल्या दुकानांच्या जाहिराती. चौथ्या पानावर जाहीर नोटिसा. एकेक अंक उघडत गेलो. एकोणिसाव्या अंकात मावशींची नोटीस सापडली.

कॉम्प्युटरमधली फाईल म्हणजे काही कोर्टातला पुरावा नव्हे, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. पण तारीख कळली, अंक कळला. त्यावरून जिल्ह्याच्या वाचनालयात छापील अंक निघाला. पुढचं वकील बघतील.

आता मुद्द्यावर येतो. हा किस्सा मी चार जणांना सांगितला तेव्हा चौघेही म्हणाले, "वा! मग आता काळजी मिटली. जुनं सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतंय की!" मंडळी, इथेच माझं वेगळं मत आहे. काळजी मिटलेली नाही, फक्त पुढे ढकलली गेली आहे.

जरा विचार करा. आमचं सगळं आता एका डोंगलवर उभं आहे. बोटाएवढी ती प्लॅस्टिकची किल्ली वीस वर्षांची झाली. उद्या ती गेली तर दुसरी मिळण्याची मला आशा नाही. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची. एक्सपीही २००१ चीच. व्हर्च्युअल मशीन म्हणजे पेशंटला लावलेलं सलाईन आहे. सलाईनवर पेशंट तगतो, बरा होत नाही. सलाईन चालू आहे तोवर उपचार करायचे असतात.

उपचार म्हणजे काय? आतलं सामान बाहेर काढणं. मी सुरुवात केली आहे. १३ वर्षांचे साधारण साडेसहाशे अंक आहेत. रोज रात्री जेवण झाल्यावर दोन-तीन अंक उघडायचे, पीडीएफ काढायची, शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणायची. पीडीएफमुळे निदान पान जसं होतं तसं कुठल्याही मोबाईलवर दिसतं. पण त्यात शोधता येत नाही, कारण पोटात अजून तीच खिचडी आहे. म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणायचा. तिथे पहिली वेलांटी उडी मारून भलत्या अक्षरावर बसते, रफार हरवतो, जोडाक्षरं फुटतात. हे माणसानेच बसून दुरुस्त करावं लागतं. वेळखाऊ काम आहे. पण हे झालं की पुढच्या मावशी आल्यावर गावाचं नाव टाइप करायचं आणि नोटीस समोर.

ही फक्त आमच्या साप्ताहिकाची गोष्ट नाही. तालुक्या-तालुक्यात अशी साप्ताहिकं आहेत, छापखाने आहेत, गावच्या जत्रेच्या स्मरणिका आहेत, पतसंस्थांचे अहवाल आहेत, कुणाची अर्धवट राहिलेली पुस्तकं आहेत. १९९० पासून पुढची पंधरा-वीस वर्षं आपण जे मराठी कॉम्प्युटरवर टाइप केलं, त्यातलं कितीतरी असंच मुखवट्याआड अडकलंय. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, मीही वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आजही जाणकाराला वाचता येतात आणि आमची २००६ ची नोटीस किल्लीशिवाय वाचता येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. त्यात दोष कुणा एका कंपनीचा मी म्हणणार नाही. तेव्हा युनिकोड आपल्या हातात नव्हतं. पण हातात आल्यानंतरही कितीतरी वर्षं आम्ही 'फॉन्ट छान दिसतो' म्हणून जुन्यालाच चिकटून बसलो. मीसुद्धा.

आणि सरकारबद्दल. मागच्याच वर्षी एका सरकारी कामासाठी मला सांगण्यात आलं की डिजिटल सही फक्त विंडोजवरच चालेल. लिनक्सवाल्याने काय करायचं? तर पुन्हा व्हर्च्युअल मशीन, त्यात विंडोज, त्यात टोकन. मला ते जमलं, कारण पोरगा गल्लीत आहे. ज्याला जमणार नाही त्याने सायबर कॅफेत शंभर-दोनशे मोजायचे आणि आपली सही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडायची. केंद्र सरकारचं ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण २०१० सालचं आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ चं. केरळने आपल्या सरकारी शाळांत कधीच लिनक्स आणलं आणि ती मुलं त्यावर शिकून मोठी झाली. म्हणजे होत नाही असं नाही. माझी मागणी साधी आहे: नागरिकाला वापरावी लागणारी कुठलीही सरकारी सेवा कुठल्याही सिस्टीमवर, कुठल्याही ब्राउझरवर चाललीच पाहिजे. आणि ही अट टेंडरमध्येच लिहिलेली हवी, नंतर हेल्पलाइनवर सांगायला नको.

तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगतो. ज्यांच्याकडे जुन्या फायली आहेत त्यांनी डोंगल, सीडी, क्रमांक, फॉन्ट भंगारात घालू नका. व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे, ऑफिसलाही चालतं. त्याच्यासोबतच्या 'एक्स्टेंशन पॅक'ची अट मात्र वेगळी आहे, धंद्यासाठी वापरायचा तर लायसन्स लागतं, ते बघून घ्या. आतल्या सिस्टीमचंही लायसन्स तुमचंच हवं. आठ जीबी रॅम असली तर जुना एक्सपी आरामात चालतो. आणि आत शिरलात की रमू नका. मी पहिले चार दिवस नुसते जुने फोटो बघत बसलो होतो, एकही पीडीएफ काढली नाही.

आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनाही विनंती केली आहे. लॅबमध्ये पोरांना हे शिकवा आणि सुट्टीत तालुक्यातल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचं काम द्या. त्यांना हातखंडा येईल, गावाला आपला इतिहास परत मिळेल. बघू म्हणालेत.

मावशी परवा पुन्हा आल्या होत्या. पिशवीत शेंगा. मुलाने विचारलं, "काका, आमच्या आज्याच्या सत्काराची बातमी पण आली होती म्हणत्यात तुमच्यात. २००३ असंल." म्हटलं, थांब, २००३ अजून आतच आहे. महिनाभराने ये.

तुमच्याकडे असं काही आत अडकलेलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. किल्ली शाबूत आहे तोवर आपण मिळून बाहेर काढू.